विदाकेंद्रांच्या नियमनाची परिभाषा : एक चिकित्सा

कोणताही निर्बंध हा प्रथमतः भाषेचा व्यापार असतो. एखाद्या वस्तूवर कर बसवावयाचा असो, तिला परवाना द्यावयाचा असो अथवा तिच्या उपद्रवापासून शेजाऱ्यांचे रक्षण करावयाचे असो, शासनसंस्थेला त्या वस्तूस आधी नाव द्यावे लागते, तिचा वर्ग ठरवावा लागतो आणि तिचे मापन कोणत्या एककाने करावयाचे हे सांगावे लागते. नाव, वर्ग आणि एकक ही तीन निश्चित झाली की निर्बंधाचे अर्धे कार्य होऊन गेलेले असते. निर्बंध निष्फळ व्हावयाचा असेल तर तोही बहुधा याच टप्प्यावर निष्फळ होतो. पुढील कलमे, पोटकलमे व परिशिष्टे ही त्या पहिल्या निवडीची केवळ अंमलबजावणी करीत असतात.

गेल्या दशकात विदाकेंद्र या नव्या वास्तूविषयी निरनिराळ्या देशांत जे नियम, धोरणे व आदेश निर्माण झाले, त्यांचे या दृष्टीने परीक्षण करणे उद्बोधक आहे. आयर्लंडमधील वीज-नियामकाचा २०२१ चा आदेश व तेथील शासनाचे २०२२ चे निवेदन, यूरोपीय संघाचा २०२३ चा ऊर्जाकार्यक्षमता निदेश, अमेरिकेतील ओरेगन व व्हर्जिनिया राज्यांतील स्थानिक संस्थांचे निर्णय आणि भारतात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला धोरणाचा मसुदा या सर्व लेखांचे कर्ते भिन्न आहेत, हेतूही भिन्न आहेत. तथापि त्यांच्या परिभाषेत एक समान प्रवृत्ती दिसते. यंत्राविषयी बोलताना ही परिभाषा नेमकी असते. यंत्राच्या शेजारी राहणाऱ्या माणसांविषयी बोलू लागताच ती सैल होते. ही सैलता अनवधानाची आहे की सोयीची, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवला तरी तिचे परिणाम पाणी, वीज व झोप या तीन नित्याच्या गोष्टींवर होतात, यात संशय नाही.

१. नाव : ‘मेघ’ आणि ‘केंद्र’

प्रथम नावाचा विचार करू. संगणकाच्या जगात ‘क्लाउड’ हा शब्द आला तो अभियंत्यांच्या आकृत्यांमधून. जाळ्याचा जो भाग आपल्या कक्षेबाहेरचा आहे व ज्याची अंतर्रचना दाखविण्याचे प्रयोजन नाही, तो भाग ते ढगाच्या आकाराने दर्शवीत. म्हणजे हे चिन्ह मुळातच ‘येथे काय आहे ते विचारू नका’ अशा अर्थाचे होते. २००६ च्या सुमारास ते व्यापाराच्या भाषेत शिरले आणि रूपकाची सर्व मोहिनी त्यास प्राप्त झाली. ढग हलका असतो, सर्वत्र असतो, कोणाच्याही गावच्या हद्दीत नसतो. प्रत्यक्षात त्या नावाने जे ओळखले जाते ते काँक्रीटच्या चार भिंतींत, विजेच्या उपकेंद्राशेजारी, पाण्याच्या नळावर व डिझेलच्या जनित्रांच्या आधाराने उभे असते. मराठीत या रूपकाचा विपर्यास अधिकच होतो. मराठी मनाला मेघ हा देणारा वाटतो. त्याची वाट पाहिली जाते. येथील मेघ मात्र गावच्या पाण्यातून घेतो आणि त्याची वाफ करून सोडतो.

‘केंद्र’ हा शब्दही निरुपद्रवी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, मतदान केंद्र, धान्य खरेदी केंद्र, परीक्षा केंद्र या सर्व प्रयोगांत ‘केंद्र’ म्हणजे जेथे लोक जातात, जेथे त्यांचे काही काम होते ते ठिकाण. विदाकेंद्रात शेजारचा मनुष्य जात नाही. त्याचे तेथे काम नसते आणि त्यास प्रवेशही नसतो. वस्तूच्या स्वरूपाशी अधिक जुळणारे शब्द मराठीत नाहीत असे नव्हे. वखार, कोठार, कारखाना, गिरणी यांपैकी कोणताही शब्द वापरला असता तर ऐकणाऱ्याने लगेच विचारले असते की, कोळसा कोठून येणार, पाणी कोठून घेणार, भोंगा किती वाजता होणार आणि माणसे किती लागणार. शेवटचा प्रश्न तर विशेष महत्त्वाचा. मुंबईतील कापडगिरण्यांनी धूर दिला, पण गिरणगावही दिले. तेथे चाळी, खानावळी, भजनी मंडळे व कामगारसंघ उभे राहिले. बांधकामाचा काळ संपल्यावर विदाकेंद्रात स्थायी माणसे अल्प लागतात. त्याच्याभोवती असे गाव वसण्याचा संभव नाही. ‘केंद्र’ या शब्दाने हा भेद झाकला जातो.

‘विदा’, ‘आधारसामग्री’ आणि ‘डेटा’ हे तीन शब्द आज मराठीत शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांपैकी कोणता टिकेल हे व्यवहार ठरवील. परंतु परिभाषेचा वाद येथेच थांबवून चालत नाही. पहिल्या पदाच्या शुद्धतेविषयी जितकी काळजी वाहिली जाते, तितकी दुसऱ्या पदाच्या सत्यतेविषयी वाहिली जात नाही, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

२. वर्ग : इमारत, सुविधा, सेवा

नावानंतर वर्ग. कायद्याच्या दृष्टीने वस्तू कोणत्या रकान्यात पडते यावर शेजाऱ्याला बोलता येईल की नाही हे ठरते. भारताचे उदाहरण बोलके आहे. पर्यावरणीय परिणाम-निर्धारणाविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेच्या मूळ अनुसूचीत विदाकेंद्र असे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे वीस हजार चौरस मीटरांहून मोठे विदाकेंद्र असेल तर ते बांधकाम प्रकल्प या नात्याने तिच्या कक्षेत येते. आणि बांधकाम प्रकल्पांना त्या अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले आहे. इमारत म्हटली की ती राहण्याची असो, दुकानांची असो वा शेकडो टन यंत्रसामग्रीची असो, तिचा वर्ग एकच. परिणामी ज्याच्या विजेची मागणी एखाद्या शहराच्या भागाएवढी असू शकते अशा वास्तूविषयी शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकण्याचे बंधन केवळ एका नामाच्या अभावामुळे उद्भवत नाही.

याच वास्तूचा लाभ देण्याची वेळ येते तेव्हा मात्र तिला स्वतंत्र नाव सापडते. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विदाकेंद्रांचा समावेश पायाभूत सुविधांच्या यादीत करण्याचे घोषित झाले आणि त्याच वर्षी पाच मेगावॉट व त्याहून अधिक क्षमतेच्या केंद्रांना त्या यादीत स्थान मिळाले. त्यायोगे दीर्घ मुदतीचे कर्ज सुलभ होते. त्याआधी, २०२० च्या मसुद्यात विदाकेंद्रांना १९६८ च्या अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियमाखाली अत्यावश्यक सेवा घोषित करावे, अशी सूचना होती. ज्या अधिनियमाचा सामान्य जनतेस परिचय आहे तो संप मनाई करण्याच्या निमित्ताने, त्याची ही योजना होती. म्हणजे परिणामांच्या रकान्यात जी वास्तू नुसती ‘इमारत’ आहे, ती कर्जाच्या रकान्यात ‘पायाभूत सुविधा’ होते आणि शिस्तीच्या रकान्यात ‘अत्यावश्यक सेवा’ व्हावी असे सुचविले जाते. एका वस्तूला अनेक वर्ग असण्यात तर्कदृष्ट्या दोष नाही. भाषेत असे नेहमी घडते. दोष आहे तो या वर्गांच्या वाटणीत. प्रत्येक वर्गासोबत हक्क येतात, पण दायित्व आणणारा वर्ग तेवढा रिकामा राहतो.

परदेशी उदाहरणांतही लढा वर्गाचाच दिसतो. व्हर्जिनियातील लाउडन परगण्यात विदाकेंद्रांची दाटी जगात बहुधा सर्वांत अधिक आहे. तेथे दीर्घकाळ अनेक क्षेत्रांत विदाकेंद्र हा ‘अधिकारान्वये’ करता येणारा भूमिवापर होता. आराखडा नियमांत बसला की स्वतंत्र जनसुनावणीची आवश्यकता नव्हती. मार्च २०२५ मध्ये परगण्याच्या मंडळाने हा वर्ग रद्द करून त्यास ‘विशेष अपवाद’ ठरविले. वास्तू तीच, तंत्र तेच. फक्त विशेषण बदलले, आणि त्या बदलाबरोबर शेजाऱ्यास सभागृहात उभे राहण्याची जागा मिळाली.

दक्षिण डब्लिनमध्ये उलट दिशेचा अनुभव आला. २०२२ च्या जूनमध्ये तेथील परिषदेने विकास आराखड्यात विदाकेंद्रांस ‘अननुज्ञेय’ ठरविले. आयरिश मंत्र्यांनी निदेश काढून तो निर्णय फिरविला आणि संबंधित क्षेत्रांत विदाकेंद्र पुनः ‘विचारार्थ खुले’ या वर्गात आले. ‘विचारार्थ खुले’ हा शब्दप्रयोग दिसावयास किती उदार आहे! पण स्थानिक प्रतिनिधींचा विचार झाला होता आणि त्यांचा निष्कर्षही निघाला होता. खुले केले गेले ते त्या निष्कर्षालाच. तरीही हा वर्ग अगदीच पोकळ नव्हता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच परिषदेने ग्रेंज कॅसल येथील गूगलच्या एका नव्या विदाकेंद्रास परवानगी नाकारली, आणि कारणे दिली ती वीजजाळ्यातील अपुऱ्या क्षमतेची व जागेवरील नवीकरणीय विजेच्या अभावाची. ‘विचार’ या शब्दाला नेमकी कारणे जोडली गेली तेव्हा त्यास अर्थ आला.

३. एकक : गुणोत्तराचे वक्तृत्व

विदाकेंद्रांच्या व्यवहारात सर्वांत प्रतिष्ठा पावलेले एकक म्हणजे वीजवापर-परिणामकतेचे गुणोत्तर. वास्तूने घेतलेल्या एकूण विजेस संगणकयंत्रांनी घेतलेल्या विजेने भागले की ते मिळते. सर्व वीज केवळ संगणकांनाच पोचली तर ते एक भरेल. शीतकरण, दिवे इत्यादींवर जितका खर्च अधिक तितके ते एकाहून वर जाईल. २००७ पासून उद्योगाने ते प्रसृत केले आणि पुढे त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. जर्मनीच्या २०२३ च्या ऊर्जाकार्यक्षमता अधिनियमानेही जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या केंद्रांसाठी १.२ ही मर्यादा घालून त्यास कायद्यात स्थान दिले.

तंत्रज्ञाच्या हाती हे गुणोत्तर उपयुक्त आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. एकाच वास्तूतील यंदाच्या व गतवर्षीच्या शीतकरणाची तुलना करावयास ते उत्तम. परंतु निर्बंधाच्या भाषेत ते शिरले की त्याचा अर्थ पालटतो. गुणोत्तर हे स्वभावतःच परिमाण लपविते. संगणकांसाठी दहा मेगावॉट घेणारे आणि शंभर मेगावॉट घेणारे अशी दोन केंद्रे घेतली व दोहोंचे गुणोत्तर १.२ असले, तर एक केंद्र जाळ्यावर बारा मेगावॉटांचा भार टाकते आणि दुसरे एकशे वीस मेगावॉटांचा. गुणोत्तराच्या भाषेत दोघेही सारखेच सद्गुणी. शिवाय पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड केली तर शीतकरणाची वीज वाचते व गुणोत्तर सुधारते. गेलेल्या पाण्याची नोंद त्यात कोठेच होत नाही. पाण्यासाठी वेगळे गुणोत्तर नंतर सुचविले गेले, पण तेही दर एकक विजेमागे पाणी किती असे सांगते. गावच्या तलावातून एकंदर पाणी किती गेले हे सांगत नाही.

येथे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास एक जुना विषय आठवावा. विशेषण हे सापेक्ष असते. ‘लहान हत्ती’ हा ‘मोठ्या उंदरा’हून कितीतरी मोठाच असतो. ‘कार्यक्षम विदाकेंद्र’ या पदसमूहात ‘कार्यक्षम’ हे विशेषण विदाकेंद्रांच्या जातीपुरते खरे आहे. धोरणलेखक मात्र ते निरपेक्ष असल्याप्रमाणे वापरतात, आणि वाचकाच्या मनात ‘कार्यक्षम’ म्हणजे ‘थोडके लागणारे’ असा बोध उमटतो. आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने गुणोत्तर टाळून निरपेक्ष वाटा मोजला, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. मीटरने मोजलेल्या देशातील एकूण विजेपैकी २०१५ मध्ये ५ टक्के वीज विदाकेंद्रांकडे जात होती. २०२३ मध्ये हा वाटा २१ टक्के झाला. त्या वर्षी नागरी भागांतील सर्व घरांचा मिळून वाटा १८ टक्के होता. या दोन आकड्यांनी जी चर्चा घडवून आणली ती कोणत्याही गुणोत्तराने घडली नसती. कारण त्यांत यंत्राची तुलना दुसऱ्या यंत्राशी नसून घराशी होती.

४. पाणी : उपसा, क्षय आणि गुपित

ओरेगन राज्यातील द डॅल्स हे कोलंबिया नदीकाठचे सुमारे सोळा हजार वस्तीचे शहर. त्याचे नावच पाण्यावरून पडले आहे. फ्रेंच बोलणाऱ्या प्रवाशांनी तेथील खडकाळ खळाळास जो शब्द लावला, तोच पुढे स्थलनाम झाला. १९५७ मध्ये तेथे धरण झाले आणि आदिवासी जमातींची पुरातन मासेमारीची जागा असलेला सिलायलो धबधबा पाण्याखाली गेला. अशा ठिकाणी २००६ मध्ये गूगलचे विदाकेंद्र सुरू झाले. पुढे त्याच्या विस्ताराची बोलणी चालू असताना हे केंद्र शहराचे किती पाणी घेते, असा प्रश्न एका वृत्तपत्राने विचारला. नगरसंस्थेने उत्तर दिले नाही. हा आकडा ‘व्यापारी गुपित’ आहे, अशी तिची भूमिका होती. आणि तो उघड करावा असा निर्णय झाल्यावर २०२१ मध्ये नगरसंस्थेने वृत्तपत्राविरुद्धच न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले. २०२१ या एका वर्षात सुमारे ३५.५ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे १३४ कोटी लिटर पाणी या केंद्रांनी घेतले होते. ते शहराच्या एकूण वापराच्या चतुर्थांशाहून अधिक होते.

या प्रकरणातील कळीचा शब्द ‘गुपित’ हा आहे. व्यापारी गुपिताची कल्पना मुळात ज्ञानाला लागू होते. रसायनाचा पाठ, यंत्राची घडण, ग्राहकांची यादी ही गुपिते होत. ती गुपिते राहण्यात समाजाचेही काही हित असू शकते. पाण्याच्या आकड्यावरून प्रतिस्पर्ध्यास शीतकरणाची पद्धती ताडता येईल, हा युक्तिवादही सर्वस्वी निराधार नाही. परंतु सार्वजनिक नळातून वाहिलेले पाणी ही दोन पक्षांमधील देवघेव आहे, आणि तीतील देणारा पक्ष म्हणजे शहर. देणाऱ्याने आपण काय दिले हे आपल्याच नागरिकांपासून लपवावे, याला ‘गुपित’ म्हणणे हा शब्दाचा अतिव्याप्त प्रयोग होय. निर्बंधाचे खरे कार्य येथे एका वाक्याचे होते : सार्वजनिक स्रोतातून घेतलेल्या पाण्याचा आकडा गुपित मानला जाणार नाही. ते वाक्य करारात किंवा कायद्यात नसल्यामुळे वर्षाहून अधिक काळ न्यायालयात गेला.

यूरोपीय संघाने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले, पण अर्धेच. २०२३ च्या निदेशाने व त्याखालील २०२४ च्या नियमाने पाचशे किलोवॉट व त्याहून अधिक मागणीच्या विदाकेंद्रांस वीज, पाणी इत्यादींची माहिती दरवर्षी कळविणे भाग पाडले. तथापि एकेका केंद्राची माहिती गोपनीय राहते आणि जनतेपुढे एकत्रित आकडे येतात. गावाला तहान लागते ती सरासरीने लागत नाही. एका देशातील सर्व केंद्रांचे एकत्रित पाणी सांगितल्याने त्या एका विहिरीजवळच्या वस्तीला आपल्याविषयी काहीच कळत नाही.

मराठीतील मसुदालेखकाला येथे एक संधी आहे. ‘पाणीवापर’ हा एकच शब्द तीन भिन्न क्रियांस लावला जातो. स्रोतातून पाणी काढणे हा उपसा. त्यापैकी जे वाफ होऊन गेले, परत आले नाही, तो क्षय. आणि जे तापून किंवा क्षारयुक्त होऊन बाहेर सोडले गेले तो विसर्ग. शेतकऱ्याच्या बोलीत हे भेद मुळीच अपरिचित नाहीत. पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळणाऱ्यास किती पाणी सोडले, किती मुरले आणि किती शेवटच्या शेतापर्यंत पोचले हे वेगवेगळे सांगता येते. शासकीय परिभाषेने या बोलीहून स्थूल असावे, हे शोभणारे नाही.

५. आवाज : मोजलेला आणि ऐकलेला

विदाकेंद्राच्या शेजाऱ्यांची एक तक्रार सर्वत्र सारखी असते. पंखे व शीतकरण यंत्रे यांचा अखंड, खालच्या पट्टीतील नाद रात्रंदिवस येतो. नियम त्यास डेसिबलमध्ये मोजतात; आणि बहुधा ज्या डेसिबलमध्ये मोजतात त्यास ‘ए’ भार दिलेला असतो. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ ही मर्यादा याच भारित एककात दिलेली आहे.

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकास या भाराचे मर्म ठाऊक असते. मंद आवाज ऐकताना मानवी कानाची संवेदना खालच्या कंप्रतेला क्षीण होते, म्हणून मापकही खालच्या कंप्रतांना कमी लेखतो : शंभर हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल आणि त्रेसष्ट हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा होतात. पुरुषाच्या बोलण्यातील मूलकंप्रता साधारणतः याच शंभर-एकशे वीस हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे ज्या पट्टीत माणसाचा आवाज भरलेला असतो तीच पट्टी मापकाच्या हिशेबात पुसट होते. त्यातच मर्यादा ही कालावधीच्या सरासरीवर बेतलेली. खालच्या कंप्रतेचा नाद भिंतीने फारसा अडत नाही, आणि एकाच सुराचा अखंड नाद हा तेवढ्याच डेसिबलच्या रहदारीच्या आवाजाहून अधिक त्रासदायक होतो. अशा वेळी शेजारी म्हणतो, ‘झोप येत नाही’; अधिकारी म्हणतो, ‘मर्यादेच्या आत आहे’; आणि दोघेही खरे बोलत असतात.

मराठीने या नादांसाठी अनुकरणवाचक शब्दांचे एक भांडारच बाळगले आहे. घरघर, गुणगुण, भणभण, घोंघावणे, दणदणाट यांतील प्रत्येक शब्द नादाची पट्टी, सातत्य आणि ऐकणाऱ्याचा भाव ही तिन्ही एकदम सांगतो. भणभण ही दणदणाटाहून हळू असते, पण सोसवत नाही. हे ज्ञान भाषेने शतकांपूर्वीच नोंदविले आहे. अर्थात ‘भणभण होता कामा नये’ असे कलम कायद्यात घालता येणार नाही. परंतु त्या शब्दातील ज्ञान एककात उतरविता येते : खालच्या कंप्रतांचे वेगळे मापन, एकसुरी नादास वेगळी मर्यादा, आणि बांधकामापूर्वीच्या शांततेची नोंद. ॲरिझोनातील चँडलर नगराने तेथील रहिवाशांच्या दीर्घ तक्रारींनंतर २०२२ च्या अखेरीस विदाकेंद्रांसाठी ध्वनि-अभ्यास बंधनकारक केला. लोकांच्या शब्दाचे नियमाच्या भाषेत रूपांतर होऊ शकते, याचे हे एक उदाहरण होय.

६. लोक : ‘भागधारक’ कोण?

आता या सर्व लेखांतील सर्वांत दुर्बल संज्ञेकडे वळू. ती म्हणजे ‘स्थानिक समाज’. आयरिश शासनाच्या जुलै २०२२ च्या निवेदनात नव्या विदाकेंद्रांसाठी काही तत्त्वे दिली आहेत. त्यांत आर्थिक परिणाम, जाळ्याची क्षमता, नवीकरणीय ऊर्जेची भर यांच्या जोडीने समाजाच्या लाभाचाही उल्लेख आहे. ऊर्जेविषयीची तत्त्वे मोजता येतात. समाजाचा लाभ म्हणजे काय, तो कोणी ठरवावा, न मिळाल्यास दाद कोठे मागावी, याविषयी तशी रेखीवता नाही. वीज-नियामकाचा नोव्हेंबर २०२१ चा आदेश या दृष्टीने अधिक प्रामाणिक आहे. त्याने जोडणी देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न सरळ मांडले : प्रकल्प जाळ्यावर ताण असलेल्या प्रदेशात आहे काय, तो आपल्या मागणीइतकी वीज जागेवर निर्माण करू शकतो काय, आणि गरज पडल्यास आपली मागणी कमी करू शकतो काय. डिसेंबर २०२५ मधील नव्या धोरणाने हीच दिशा पुढे नेऊन मागणीच्या तोडीची वीजनिर्मिती वा साठवण आणि नवीकरणीय ऊर्जेचा मोठा वाटा या अटी घातल्या. हे प्रश्न स्पष्ट आहेत, म्हणून त्यांची उत्तरेही तपासता येतात. पण ज्या प्रदेशास ‘ताणग्रस्त’ म्हटले आहे तो ताण तारांचा आहे. माणसांवरील ताणासाठी या आदेशात शब्द नाही, आणि जागेवर उभारलेले वायूचे जनित्र ज्यांच्या खिडकीसमोर येईल त्यांच्यासाठीही नाही.

तथापि ‘स्थानिक समाज’ ही एकजिनसी वस्तू आहे असे मानणे हीसुद्धा टीकाकारांची एक चूक आहे. गॉलवे परगण्यातील अथेनराय येथे ॲपलने २०१५ मध्ये ८५ कोटी यूरोंच्या विदाकेंद्राची घोषणा केली. परवानगी मिळाली, आक्षेप आले, अपीले झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आणि मे २०१८ मध्ये कंपनीने योजना सोडून दिली. या काळात आक्षेप घेणारे थोडे होते, तर गावातील बहुसंख्य लोक प्रकल्पाच्या बाजूने होते; २०१६ मध्ये त्यांनी पाठिंब्याचा मोर्चाही काढला. या दोन पक्षांपैकी ‘स्थानिक समाज’ कोणता? ज्यांना रोजगाराची व गावाच्या नावलौकिकाची आशा होती ते, की ज्यांना जाळ्यावरील भाराची व वनभूमीची चिंता होती ते? उत्तर असे की दोन्ही. आणि म्हणूनच एकवचनी संज्ञा निरुपयोगी. निर्बंधाने समाजाचे मत काय, असे न विचारता कोणाच्या नळावर, कोणाच्या वीजबिलावर, कोणाच्या रात्रीवर काय परिणाम होईल असे अनेकवचनी प्रश्न विचारले पाहिजेत.

मराठीत या दुर्बलतेला एक विचित्र जोड मिळाली आहे. ज्यांचे हिताहित एखाद्या निर्णयात गुंतलेले आहे अशा सर्वांसाठी इंग्रजीत जी संज्ञा आहे, तिचे भाषांतर अनेक परिपत्रकांत व वृत्तांत ‘भागधारक’ असे केले जाते. भागधारक म्हणजे ज्याने कंपनीचे भाग विकत घेतले आहेत तो. दोन इंग्रजी शब्दांच्या साम्यामुळे झालेला हा घोटाळा हास्यास्पद वाटेल, पण त्याचा परिणाम हास्यास्पद नाही. ‘सर्व भागधारकांशी विचारविनिमय करण्यात आला’ हे वाक्य वाचणाऱ्या रहिवाशाने आपण त्यांत आहोत असे समजावे काय? शब्दार्थाने तो त्यांत नाही. आणि अनेकदा वस्तुस्थितीनेही नसतो. ‘हितसंबंधी’ किंवा ‘बाधित’ हे शब्द उपलब्ध असताना या चुकीस मान्यता मिळणे हे भाषेचे नव्हे, तर नागरिकत्वाचे नुकसान आहे.

त्याच वाक्यातील ‘करण्यात आला’ हा प्रयोगही तपासण्याजोगा आहे. शासकीय मराठीस कर्तृलोप फार प्रिय. कार्यवाही करण्यात येते, काळजी घेण्यात येते, उपाययोजना करण्यात येतील. करणारा कोण, हे वाक्याबाहेर राहते. व्याकरणाला कर्त्याची गरज नसली तरी दायित्वाला ती असते.

७. समारोप

या चिकित्सेवर एक आक्षेप संभवतो. निर्बंध हा तांत्रिक विषय आहे. त्याची भाषा तज्ज्ञांची असणे अपरिहार्य आहे. लोकभाषेच्या आग्रहाने नेमकेपणा नष्ट होईल, असे म्हणता येईल. आक्षेपातील पूर्वार्ध मान्य करण्याजोगा आहे. परंतु वर पाहिलेल्या उदाहरणांत नेमकेपणाचा अभाव तांत्रिक शब्दांमुळे निर्माण झालेला नाही, तसाच तो लोकभाषेमुळेही झालेला नाही. तो तेथेच आहे जेथे लेखकाने नेमके होण्याचे टाळले. मेगावॉट नेमका आहे, ‘समाजलाभ’ नाही; गुणोत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत दिले जाते, पाण्याचा आकडा गुपित ठरतो. तज्ज्ञता ही सर्व बाजूंना सारखी वापरली गेली पाहिजे, एवढेच मागणे आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला दूरचा नाही. समुद्रतळाशी आलेल्या संदेशवाहक तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. त्यामुळे देशातील विदाकेंद्रांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई व नवी मुंबई परिसरात आहे, आणि ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, जेथे पूर्वी रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने होते, तेथे या नव्या वास्तू उभ्या राहत आहेत. महाराष्ट्रात शासनव्यवहाराची भाषा मराठी असल्यामुळे येथील नियमांचे मराठी रूप हे शोभेचे भाषांतर नव्हे. वाद उत्पन्न झाल्यास रहिवाशाच्या हाती असणारे तेच एक साधन आहे. १९६० पासून भाषा संचालनालयाने परिभाषेचे जे कार्य केले त्यात शब्द घडविण्यावर भर होता आणि तो योग्यच होता. यापुढील कार्य घडलेल्या शब्दांनी काय झाकले जाते ते पाहण्याचे आहे.

त्यासाठी कोणत्याही मसुद्याला विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. वस्तूला दिलेल्या वर्गासोबत कोणाला ऐकले जाण्याचा हक्क मिळतो? दिलेल्या एककाने एकंदर परिमाण कळते, की केवळ प्रमाण? पाण्याचा उपसा, क्षय व विसर्ग वेगळे मांडले आहेत काय? एकेका केंद्राचा आकडा त्याच्या शेजाऱ्याला मिळतो काय? आणि प्रत्येक वाक्यात कर्ता आहे काय? हे पाच प्रश्न विचारण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. वाक्य वाचता येणे पुरते. पदव्युत्तर वर्गांत शासकीय मराठीचा अभ्यास होतो तो बहुधा पत्रलेखन व भाषांतर यांपुरता. एखाद्या प्रकल्पाचा मसुदा घेऊन त्याची अशी चिकित्सा करणे हा त्या अभ्यासाचा भाग व्हावयास हवा. कारण ज्या मसुद्याची वाक्ये कोणी वाचत नाही, त्याचे परिणाम मात्र सर्वांना भोगावे लागतात.